टिकेल का ही वाइन? बोर्दोच्या चाखणीमागचा इतिहास

दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास जगभरातले व्यापारी आणि समीक्षक फ्रान्समधल्या बोर्दोला जमतात. त्यांच्यापुढे येते ती जेमतेम सहा महिन्यांची, अजून पिंपातच असलेली रेड वाइन. बाटलीत भरायला वर्षभर तरी अवकाश असतो, पण सौदे याच चाखणीवर ठरतात. घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि वीस वर्षांनी ही वाइन कशी लागेल ते सांगायचं, असं हे अवघड काम.

बोर्दोची रेड वाइन बहुतेक वेळा ब्लेंड, म्हणजे द्राक्षाच्या अनेक जातींचं मिश्रण असते आणि त्यामागे आधी हवामान आहे. अटलांटिक जवळ असल्यामुळे फुलोऱ्यात किंवा ऐन तोडणीत पाऊस यायची भीती. मर्लो लवकर फुलते, लवकर पिकते, तिला चिकणमाती मानवते. काबर्ने सोव्हिन्याँला उशीर लागतो, ती खडी-गोट्यांच्या उबदार जमिनीत पिकते. एक जात फसली तर दुसरी सावरून घेते. फेब्रुवारी १९५६च्या कडाक्याच्या थंडीत हजारो वेली मेल्या, तेव्हा एकाच जातीवर विसंबण्याचा धोका पुन्हा दिसला. चवीचा हिशेबही यातूनच बसत गेला. बारीक मण्यांची, जाड सालीची काबर्ने रंग, आंबटपणा आणि टॅनिन (सालीतला-बीतला तुरट घटक) देते, मर्लो भरीवपणा देते, काबर्ने फ्राँ सुगंध आणते आणि पेती व्हर्दो चार-पाच टक्के असली तरी जाणवते.

वाइन मुरवणं मात्र तितकं जुनं नाही. मध्ययुगात इंग्लंडला जाणारी बोर्दोची वाइन वर्षाच्या आत संपवायची असे, कारण पिंपात ती आंबून जाई आणि जुन्या मालाचा भाव पडे. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी पिंपात गंधक जाळण्याची पद्धत रुजवली. पुढे मजबूत काचेच्या बाटल्या आणि बुचं आली, आणि तेव्हा कुठे चांगली वाइन वर्षानुवर्षं ठेवता येऊ लागली.

ती किती टिकेल, हे ठरवत असत बोर्दो शहराच्या शार्त्राँ भागातले व्यापारी आणि दलाल. पिंपं त्यांच्याच तळघरांत मुरायची. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला दमदार वाइन हवी म्हणून ते बोर्दोत ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताज सर्रास मिसळत. बोर्दोच्या वाइनची १८५५ची प्रसिद्ध प्रतवारीही दलालांनीच, मुख्यतः बाजारभाव पाहून लावली. बोर्दोतल्या मुतों या मळ्याच्या फिलिप द रोथशिल्ड यांनी १९२४मध्ये सगळी वाइन मळ्यातच बाटलीत भरायचं ठरवलं, तेव्हापासून हा अधिकार हळूहळू बनवणाऱ्याकडे यायला लागला.

चाखणीची दिशा बदलण्याचं सर्वांत मोठं श्रेय मी बोर्दोतले वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांना देईन. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मळेवाल्यांना गळी उतरवलं, की द्राक्षं पूर्ण पिकू द्या, पिंपं स्वच्छ ठेवा, प्रत्येक टाकी वेगळी चाखा आणि कमअस्सल माल मुख्य ब्लेंडमध्ये घालू नका. हिरड्या आवळणारी वाइनच टिकते, या समजुतीला त्यांनी धक्का दिला. टॅनिन पिकलेलं असेल तर घोट तुरट लागला तरी जिभेवर मऊ पसरतो आणि मागे फळाची चव राहते. कच्च्या बीचं टॅनिन आवळ्यासारखं तोंड कोरडं करतं आणि मागे काहीच ठेवत नाही. असल्या वाइनमधलं फळ आधी संपतं, तुरटपणा मात्र तसाच राहतो.

१९८२ची बोर्दो वाइन हे याचं ठसठशीत उदाहरण. ती इतकी मऊ आणि भरघोस होती, की टिकणार नाही असं काही समीक्षकांना वाटलं. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी उलट तिची जोरदार बाजू घेतली. त्या वर्षीच्या उत्तम बाटल्या आज चाळीस वर्षांनंतरही आनंद देतात.

त्याआधी, २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून चाखलेल्या बोर्दो आणि कॅलिफोर्नियाच्या रेड वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३ पहिली आली. कॅलिफोर्नियाची वाइन कोवळेपणीच चांगली लागते, मुरत नाही, असं त्यावर सांगितलं गेलं. त्याच वाइन २००६मध्ये पुन्हा चाखल्या, तर पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले आणि रिज माँटे बेल्लो १९७१ अव्वल ठरली.

आपल्याकडे अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइनरीची 'सेत्ते' ही वाइन सांजोव्हेजे या इटालियन द्राक्षाचं आणि काबर्नेचं ब्लेंड आहे. तिला बोर्दोची पट्टी जशीच्या तशी लावणं मला पटत नाही. इथे तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, ऊन वाढतं तसा द्राक्षातला आंबटपणा झपाट्याने उतरतो, आणि मुरण्यासाठी तो टॅनिनइतकाच लागतो. त्यात सोलापूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यातच खराब होऊ शकते. म्हणून एकाच वर्षाच्या पाच-सहा बाटल्या बारा ते पंधरा अंशांवर ठेवून दरवर्षी एक उघडावी आणि चवीची नोंद करावी. दशकांचा असा हिशेब बोर्दोकडे आहे, आपल्याला तो आता लिहायला घ्यायचा आहे.