पार्श्वभूमी : अर्थव्यवस्थेच्या बातम्या आणि लोकांचा विश्वास

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२१ च्या अखेरीस लोकांना विचारलं, तुमच्या घरची आर्थिक स्थिती कशी आहे आणि देशाची कशी आहे? घरचं निदान ठीक चाललंय असं ७८ टक्के लोकांनी सांगितलं. देशाची अर्थव्यवस्था चांगली आहे असं म्हणणारे मात्र अवघे २४ टक्के निघाले. एवढ्या मोठ्या तफावतीचं खापर एकट्या बातम्यांवर फोडता येत नाही; महागाई खरोखरच वाढत होती आणि कोरोनाची साथही सरलेली नव्हती. पण घरचा हिशेब माणसाला स्वतःला ठाऊक असतो, देशाचा बहुतेक वेळा बातम्यांतूनच कळतो. म्हणून बातम्यांचा वाटा किती, हा वाद पुन्हा पुन्हा उठतो.

या वादाचं मूळ महामंदीत सापडतं. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळू लागला, तेव्हा देशातला मूळ उद्योग-व्यापार भक्कम पायावर उभा आहे, असं राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी जाहीर केलं. धीर देणारी अशी वक्तव्यं नंतरही येत राहिली आणि बाजार खचतच गेला. जुलै १९३२ पर्यंत डाऊ जोन्स हा मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक शिखरापासून सुमारे ८९ टक्के खाली आला होता. दरम्यान हजारो बँका बुडाल्या. धीर देणाऱ्यांच्या शब्दालाही मग किंमत राहिली नाही.

मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट सत्तेवर आले आणि त्यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. १२ मार्चच्या रविवारी रात्री ते रेडिओवर बोलले. सुरुवातच त्यांनी बँक कशी चालते, इथून केली. तुम्ही ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही, बँक तो कर्जांत आणि रोख्यांत गुंतवते, हाताशी थोडीच रोकड ठेवते. सगळे एकदम काढायला आले तर चांगली बँकही ते देऊ शकत नाही. मग कोणत्या बँका कोणत्या दिवशी उघडतील आणि काही का उघडणार नाहीत, हेही सांगितलं. बँका उघडल्यावर लोक काढलेले पैसे परत भरायला आले. १५ मार्चला बाजार उघडला आणि डाऊ एका दिवसात १५ टक्क्यांहून अधिक चढला. या सगळ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. लोकांना कोरडा दिलासा नव्हे, माहिती मिळाली होती, आणि त्या माहितीमागे तातडीने केलेला कायदाही उभा होता.

लोकांचा विश्वास मोजण्याची पद्धत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची. मिशिगन विद्यापीठात हंगेरीत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज कटोना यांनी १९४६ मध्ये त्यासाठी पाहणी सुरू केली. खर्च ठरतो तो हातातल्या पैशाइतकाच मनातल्या अंदाजावर, हे त्यांचं म्हणणं. पाहणीत घरच्या स्थितीबरोबरच देशाच्या भवितव्याबद्दल विचारतात. शिवाय उद्योग-व्यापाराबद्दल इतक्यात काही चांगलं-वाईट ऐकलंत का, असाही एक प्रश्न असतो. बातमी आणि मन यांचं नातं नोंदवण्याची सोय त्यातून झाली.

ती नोंद काय सांगते, हे १९९० च्या दशकारंभी दिसलं. अमेरिकेतली मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती. पण आर्थिक चक्राच्या तारखा ठरवणाऱ्या समितीने तसं जाहीर केलं ते डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेल्यावर. मधल्या काळात रोजगार नीट वाढत नव्हता, बातम्यांचा सूर उदास होता आणि लोकांचाही. माध्यमांनी मुद्दाम काळं चित्र रंगवलं, असा आरोप तेव्हा झाला. मला तो पूर्ण पटत नाही. मात्र बेरोजगारी वाढली की मथळा होतो आणि तेवढीच घटली तर आतल्या पानावर चार ओळी, हा कल खरा आहे. ब्रिटनमधल्या बातम्यांवर संशोधक स्टुअर्ट सोरोका यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही तोच आढळला, आणि लोकांची प्रतिक्रियाही वाईट बातमीलाच अधिक तीव्र होती.

बातमी खरी असूनही घबराट उडू शकते. १३ सप्टेंबर २००७ च्या संध्याकाळी बीबीसीने सांगितलं की ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेने तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे, बँक ऑफ इंग्लंडकडे, तातडीची मदत मागितली आहे. दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर रांगा लागल्या. पुढे बातमीदारालाच दोष देणारे बरेच निघाले. पण बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या ठेवविम्याचा तेव्हाचा नियम पाहा : पहिले २,००० पौंड पूर्ण सुरक्षित, पुढच्या ३३,००० पौंडांपैकी ९० टक्के, त्यावर काही नाही. ज्याचे ५०,००० पौंड बँकेत होते त्याला विम्यातून जास्तीत जास्त ३१,७०० मिळाले असते. असा माणूस रांगेत उभा राहिला तर त्याला वेडगळ कसं म्हणायचं? सोमवारी सरकारने ठेवींची पूर्ण हमी दिली, तेव्हा रांगा ओसरल्या.

आता रांगही लागत नाही. ८ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने रोखेविक्रीत १८० कोटी डॉलरचा तोटा झाल्याचं सांगितलं. ती बातमी ठेवीदारांच्या फोनवरून फोनवर फिरली आणि ९ तारखेच्या एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेतले गेले. इथेही बहुतेक ठेवी विम्याच्या मर्यादेपलीकडच्या होत्या. १० तारखेला नियामकांनी बँक ताब्यात घेतली, आणि सर्व ठेवी सुरक्षित असल्याची सरकारी घोषणा १२ तारखेला झाली.