टॅपेट सेट करण्याची कटकट गेली, पण वेगाचं काय? हायड्रॉलिक लिफ्टरची पार्श्वभूमी

जुन्या पुशरॉड व्ही८ इंजिनाची ताकद वाढवायला घेतली की कॅमशाफ्ट कोणता, कार्ब्युरेटर केवढा, हेड कुठलं, यावर लोक तासन्‌तास बोलतात. लिफ्टरचा विचार अगदी शेवटी होतो आणि बहुतेक वेळा कॅमबरोबर जे मिळतील तेच बसवले जातात. मला हे पटत नाही. कॅमच्या उंचवट्यांवर (लोबवर) घासून काढलेला आकार व्हॉल्व्हकडे नेणारा पहिला भाग म्हणजे लिफ्टर, म्हणजेच टॅपेट. तो पुशरॉड ही दांडी उचलतो आणि ती रॉकर या तरफेतून व्हॉल्व्ह उघडते. आज मिळणारा त्याचा प्रत्येक प्रकार कुठल्यातरी जुन्या तक्रारीवरचा इलाज म्हणून आला आहे. ती तक्रार काय होती हे कळलं, की तो इलाज आपल्या इंजिनाला हवा की नको हे ठरवता येतं.

पहिली तक्रार आवाजाची होती. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. सगळं फट न ठेवता बसवलं तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकल्यावरच सोडतो, त्यामुळे जो टेकत नाही तो जळतो. म्हणून टॅपेटमध्ये मुद्दाम फट ठेवायची. पण फट म्हणजे प्रत्येक फेऱ्याला धातूवर धातूची टकटक, झीज आणि ठरावीक काळाने फट मोजायच्या पात्या (फीलर गेज) घेऊन बसणं. टॅपेट वाजतात म्हणून गाडी दाखवायला नेणं ही एके काळी नेहमीची गोष्ट होती.

ही फट तेलाने आपोआप भरून काढायची कल्पना फ्रान्समध्ये आमेदे बोले यांनी १९१० च्या सुमारास मांडली. मात्र उत्पादनात ती आली अतिश्रीमंतांच्या गाड्यांमधून. १९३० मध्ये कॅडिलॅकने ओवेन नॅकर यांचं व्ही१६ इंजिन बाजारात आणलं. १६ सिलिंडर घेणाऱ्या गिऱ्हाईकाला टकटक ऐकू येणं परवडणारं नव्हतं. त्यात रॉकरच्या आसाशी विकेंद्री बुश आणि ते फिरवणारा तेलावर चालणारा लहानसा प्लंजर होता, म्हणजे फट भरायचं काम रॉकरपाशीच होत होतं. १९३३ मध्ये पियर्स-ॲरोने ही यंत्रणा टॅपेटच्या पोटात नेली. १९३८ मध्ये लिंकन-झेफिरच्या व्ही१२ मध्ये हायड्रॉलिक लिफ्टर आले. या सगळ्या काळात हेतू एकच होता, शांतता. वेगाचा विचार कोणी केलेला नव्हता, आणि पुढची सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आतली रचना साधी आहे. पोकळ नळीत एक प्लंजर, त्याच्या खाली लहान स्प्रिंग आणि एकाच दिशेने तेल जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह. कॅमचा गोल भाग खाली असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून फट भरते आणि इंजिनाच्या दाबाचं तेल खाली शिरतं. लोब लिफ्टरला उचलू लागला की चेक व्हॉल्व्ह बंद होतो, अडकलेलं तेल दाबलं जात नाही आणि लिफ्टर भरीव असल्यासारखा वागतो. प्लंजर आणि नळी यांच्यामध्ये काही मायक्रॉनची जागा असते. तिच्यातून प्रत्येक उचलीत किंचित तेल पाझरतं आणि व्हॉल्व्ह तापून लांबला की प्लंजर तेवढाच खाली बसतो. ही जागा इतकी नेमकी लागते की प्लंजर आणि नळी मोजून, निवडून जोडीने बसवतात. साफ करायला सगळे लिफ्टर उघडून तुकडे एकत्र केले, तर संच बिघडलाच म्हणून समजा.

१९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल यांचे नवे ओव्हरहेड व्हॉल्व्ह व्ही८ आले. दोन्हींत हायड्रॉलिक लिफ्टर होते आणि तिथून ते अमेरिकेतल्या साध्या गाड्यांपर्यंत पोचले. शेव्हरोलेने १९५० मध्ये केलेली विभागणी बोलकी आहे. पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेणाऱ्याच्या सहा सिलिंडर इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर, हाताने गिअर बदलणाऱ्याच्या इंजिनात भरीव, म्हणजे आत तेल आणि प्लंजर नसलेले. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्स पॉवरग्लाइडच होता, तरी १५० हॉर्सपॉवर काढायला तिथे भरीव लिफ्टर आणि जास्त उचलीचा कॅम घातला. १९५७ च्या फ्युएल इंजेक्शनवाल्या २८३ घनइंची इंजिनाच्या सर्वांत ताकदवान आवृत्तीतही भरीवच. आरामाला हायड्रॉलिक, ताकदीला भरीव, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं.

त्याला कारण होतं. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह, रॉकर, पुशरॉड आणि लिफ्टर यांची ही साखळी कॅमचा पिच्छा सोडते आणि मध्ये क्षणभर ढिलाई येते. भरीव लिफ्टरमध्ये ती ढिलाई तशीच राहते आणि फेरे उतरले की सगळं पूर्ववत होतं. हायड्रॉलिक लिफ्टरला मात्र ती फट वाटते. फट भरणं हेच त्याचं काम, त्यामुळे प्लंजर वर सरकतो, तेल आत शिरतं, आणि आता व्हॉल्व्ह मिटायच्या वेळी साखळी लांब झालेली असते. व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, इंजिन फडफडतं आणि ताकद एकदम कोसळते. यालाच पंप-अप म्हणतात. माझ्या मते यात लिफ्टरवर जितकं खापर फोडलं जातं तितका त्याचा दोष नाही. सुरुवात कमजोर स्प्रिंगपासून होते, लिफ्टर फक्त तो प्रसंग लांबवतो. स्प्रिंग तशीच ठेवून महागडे लिफ्टर आणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

६० च्या दशकात हे समीकरण हळूहळू सैल झालं. १९६५ मध्ये शेव्हरोलेच्या ३२७ घनइंची इंजिनाची एल७९ ही आवृत्ती आली. हायड्रॉलिक लिफ्टरवर ३५० हॉर्सपॉवर. त्याच वर्षीची भरीव लिफ्टरची आवृत्ती ३६५ ची होती. फरक फक्त १५ चा, आणि टॅपेट सेट करायची गरज नाही. रस्त्यावरच्या वेगवान गाडीसाठी हायड्रॉलिक कॅम चालतो हे मला याहून चांगलं कुठल्याच उदाहरणात दिसत नाही. १९७० मध्ये क्रायस्लरने ४२६ हेमीच्या रस्त्यावरच्या आवृत्तीत भरीव लिफ्टर काढून हायड्रॉलिक घातले आणि जाहीर केलेला आकडा ४२५ हॉर्सपॉवरच राहिला. त्याच वर्षी शेव्हरोलेने कॉर्व्हेटच्या एलटी१ मध्ये भरीव लिफ्टर ठेवले. म्हणजे वाद मिटला नव्हता, फक्त दोन्ही बाजूंना बळ आलं होतं.

सुटे भाग बनवणाऱ्यांनी पंप-अपवर वेगवेगळे तोडगे काढले. अँटी-पंप-अप लिफ्टरमध्ये प्लंजर वर किती सरकू शकेल यालाच मर्यादा घातली. रोड्स लिफ्टरचा विचार उलटा होता. त्यात तेल मुद्दाम जास्त पाझरू दिलं. कमी फेऱ्यांवर पाझरायला वेळ मिळतो, त्यामुळे मोठ्या कॅमची उचल आणि व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ दोन्ही थोडे कमी होतात, आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनाचं चालणं) सुधारतो, व्हॅक्यूम वाढतो. फेरे वाढले की पाझरायला वेळच उरत नाही आणि कॅम पूर्ण मिळतो. कल्पना सुंदर आहे, पण हे लिफ्टर आयडलला टकटक करतात. ज्या आवाजासाठी हायड्रॉलिक लिफ्टर जन्माला आला तोच परत येतो. मोठा कॅम आधीच बसवलेला असेल आणि ब्रेकला व्हॅक्यूम पुरत नसेल तर ते उपयोगी, नाहीतर थोडा लहान कॅम घेणं शहाणपणाचं.

दुसरी मर्यादा लिफ्टरच्या तळाची. फ्लॅट लिफ्टर दिसतो सपाट, पण त्याचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोबला बारीक उतार असतो, म्हणजे लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. लोब जितका झपाट्याने चढतो तितका स्पर्शबिंदू तळाच्या कडेकडे सरकतो. कडेबाहेर गेला तर लोब खरवडला जातो. म्हणून व्यास महत्त्वाचा. शेव्हरोलेचा ०.८४२ इंच, फोर्डचा ०.८७५, क्रायस्लरचा ०.९०४. क्रायस्लरसाठी घासलेला कॅम शेव्हरोलेपेक्षा झपाट्याने उघडू शकतो तो याचमुळे. तळाला रोलर लावला की हे बंधन सुटतं. रेसिंगमध्ये रोलर लिफ्टर आधीपासून होते. कारखान्यांनी ते आणले मुख्यतः घर्षण आणि इंधन वाचवायला. १९८५ च्या मस्टँगच्या ५.० लिटर एचओ इंजिनात हायड्रॉलिक रोलर आले, १९८७ मध्ये शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये, आणि १९९७ च्या एलएस१ ची तर सुरुवातच त्यांच्यावर झाली. ताकदीच्या शौकिनांना हा अनपेक्षित लाभ होता: तेवढ्याच काळात व्हॉल्व्ह अधिक उघडा ठेवणारा कॅम, वर शांत इंजिन.

त्याची किंमत वजनात मोजावी लागते. रोलर लिफ्टर जड, त्याचा लोब तीव्र, म्हणून स्प्रिंग कडक लागते. कडक स्प्रिंग प्लंजरखालचं तेल अधिक जोरात पिळते. तेलात हवेचे बुडबुडे असतील तर तेवढी उचल वाया जाते. म्हणून साधे हायड्रॉलिक रोलर ६,००० ते ६,५०० च्या आसपास दमतात आणि त्यापुढे जायचं तर कमी पाझराचे, कमी प्रवासाचे लिफ्टर आणि हलके व्हॉल्व्ह लागतात.

फ्लॅट लिफ्टरवरचं खरं संकट तेलातून आलं. लोब आणि लिफ्टर यांच्यामधला दाब झेलतं ते तेलात घातलेलं झेडडीडीपी हे जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून एपीआय या अमेरिकी संस्थेच्या २००४ च्या एसएम मानकात हलक्या ग्रेडच्या तेलांसाठी त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. रोलर इंजिनांना फरक पडला नाही, पण नव्याने बांधलेल्या फ्लॅट लिफ्टर इंजिनांचे लोब पहिल्या काही मिनिटांत झिजून जायच्या तक्रारी वाढल्या. आज फ्लॅट निवडायचा तर भरपूर जस्ताचं ब्रेक-इन (नवं इंजिन रुळवायचं) तेल आणि इंजिन सुरू होताच सुमारे २० मिनिटं २,००० फेऱ्यांच्या वर चालवणं टाळता येत नाही, कारण लोबवर तेल उडतं ते मुख्यतः क्रँकशाफ्टवरून आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. वापरलेला फ्लॅट लिफ्टर नव्या कॅमवर कधीच बसवू नये. रोलर लिफ्टर ठीक असेल तर बसवता येतो.

या सगळ्यावरून माझं मत असं झालंय: ब्लॉक रोलरसाठी बनलेला असेल, तर दुसरा विचार नको. जुना ब्लॉक आणि ५,५०० पर्यंतची गाडी असेल, तर चांगला फ्लॅट हायड्रॉलिक अजूनही पुरतो. ७,००० च्या पुढे रोज जायचं असेल तर भरीव लिफ्टर आणि फीलर गेज स्वीकारावा. आणि प्रकार कुठलाही हायड्रॉलिक असो, प्रीलोड, म्हणजे फट संपल्यावर प्लंजर किती आत दाबायचा ते, मोजून ठरवावा. हेड घासलं, गॅस्केट पातळ घातलं किंवा लहान बेस सर्कलचा (लोबच्या गोल भागाचा) कॅम आणला की जुन्या लांबीचा पुशरॉड चुकीचा ठरतो. स्टडवरच्या रॉकरला जुनी कारखान्याची पद्धत फट संपल्यावर पाऊण ते एक आटा देण्याची. वेगासाठी बांधणारे पाव ते अर्धा आटा देतात, म्हणजे प्लंजरला वर सरकायला जागाच कमी उरते. एलएस१ सारखी इंजिनं बांधणारे काही जण याच्या अगदी उलट, प्लंजर तळाजवळ ठेवतात, कारण खालचा तेलाचा स्तंभ आखूड झाला की तो कमी दबतो. दोन्ही रीती चालतात, मात्र लिफ्टर बनवणाऱ्याने दिलेल्या प्रवासाच्या आत, आणि समायोजन नसलेल्या रॉकरवर मापाचा पुशरॉड मागवूनच.