स्लॅबखालची रात्र

बेळगाव म्हणजे थंड हवेचं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, मे महिन्यात पण संध्याकाळी वारं सुटतं. मग बाहेर वारं असताना आतली खोली रात्री ११ ला पण तापलेली का? कारण डोक्यावर स्लॅब आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता चार-पाच इंचातनं खाली यायला काही तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन आपल्या अंगावर उतरतं ते रात्री. पत्रा दुपारी जीव नको करतो पण ऊन गेलं की लगेच निवतो, आणि जुन्या कौलारू घरात गरम हवा कौलांच्या फटींतनं वर निघून जायची.

आता शरीराचं बघा. झोप लागायला आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं, त्यासाठी कातडीकडं जास्त रक्त जातं, घाम सुटतो, पण खोली गरम नि दमट असली की घाम वाळत नाही आणि हृदयाला रात्रभर जादा काम पडतं. तरण्या माणसाची नुसती झोपमोड होते, पण हार्टचा त्रास, शुगर असलेल्या म्हाताऱ्यांना हे खरंच धोक्याचं आहे, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असली तर अंगातलं पाणी अजून कमी. हवामान खातं हीटवेव्ह ठरवतं बाहेरच्या कमाल तापमानावरनं, मैदानी भागात ४० अंशांपासून पुढं, पण आपल्याच जिल्ह्यातल्या अथणी-रायबागकडच्या एखाद्या बंद खोलीत रात्री किती अंश असतात ते कोण मोजतंय? माझ्या मते खरी मोजणी तिथंच व्हायला पाहिजे.

जिल्ह्याच्या जास्त पावसाच्या भागात, खानापूर, कणकुंबीकडं दुखणं वेगळं. पावसात भिंती ओल धरतात, बुरशी येते, खिडक्या बंद, त्यात चुलीचा धूर, मग दमेकरी नि लहान पोरं खोकत बसतात.

म्हणून परत मातीची घरं बांधा असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा चढल्या तेव्हा मातीच्या भिंती कशा बसल्या ते सगळ्यांनी बघितलंय. स्लॅब राहू दे, पण मार्चमध्ये त्यावर चुन्याचे दोन हात मारा, पांढरं छत बरंचसं ऊन परत फेकतं (तेलंगणानं २०२३ मध्ये यासाठी राज्याचं धोरणच केलंय), पावसानं चुना धुऊन जातो म्हणून दरवर्षी मारायचा. नवीन बांधत असाल तर गवंड्याला सांगून छताजवळ समोरासमोर झरोके ठेवून घ्या, जाळी लावून, नाहीतर डासांपायी तेपण बंद होतील. आणि दोन मजली घर असेल तर आजी-आजोबांची खाट उन्हाळ्यात वर नको, खालच्या सोप्यात टाका.