ऐतिहासिक गंधयोगांचे पुनरुज्जीवन

जुन्या ग्रंथांत व हस्तलिखितांत नोंदवलेले सुगंधांचे पाठ (म्हणजे ते बनवण्याच्या कृती) शोधून, त्यांतील द्रव्यांची ओळख पटवून आणि प्रमाणे तोलून ते पुन्हा सिद्ध करण्याच्या उद्योगाला गंधयोगांचे पुनरुज्जीवन म्हणता येईल. संस्कृत ग्रंथांत सुगंध सिद्ध करण्याच्या विद्येला ‘गंधयुक्ती’ आणि एकेका पाठाला ‘योग’ अशी नावे आहेत. हे काम बहुधा लहान, स्वतंत्र सुगंधशाळांकडे येते, कारण तिथे पाठ वाचणारा, माल पारखणारा आणि खल हाती धरणारा माणूस अनेकदा एकच असतो. फ्रान्समध्ये वर्साय येथे 1990 मध्ये सुरू झालेले ऑस्मोथेक हे गंधसंग्रहालय लुप्त झालेली अत्तरे पुन्हा बनवून जपते; भारतात मात्र या कामाची खरी सामग्री पोथ्यांत आहे.

सोलापूरच्या दृष्टीने ही सामग्री दूरची नाही. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेस हैदराबादच्या वाटेवर आहे. तेथील राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द 1126–1138) याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान, तांबूल, विलेपन व धूप यांचे स्वतंत्र विवेचन आहे. त्याच्याही आधी, सुमारे 1025 मध्ये, दुसऱ्या चावुंडरायाने कन्नडात लिहिलेल्या ‘लोकोपकार’ या ग्रंथात सुगंधी द्रव्यांना जागा मिळाली. दक्षिणेस सुमारे 100 किलोमीटरवरील विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी ‘इत्र-इ-नौरसशाही’ हा अत्तरांवरचा ग्रंथ सिद्ध झाला, आणि सोलापूरचा भुईकोट तर आदिलशाही व निजामशाही यांच्यात हात बदलत राहिला. संस्कृताची जोड दिली, तर मराठी, कन्नड आणि दखनी एकाच बाजारात ऐकू येणारे सोलापूर या कामाला फार सोयीचे आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळची गोष्ट पुण्याची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराच्या ‘गंधसार’ या ग्रंथाच्या हस्तलिखिताकडे विसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे 1989 मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने तो छापला, आणि त्यासोबत ‘गंधवाद’ नावाचा अज्ञातकर्तृक ग्रंथ मराठी टीकेसह प्रसिद्ध केला. गंधशास्त्रावर जुन्या मराठीत टीका लिहिली गेली, ही बाब आपल्याकडे व्हायला हवी तेवढी माहीत झालेली नाही.

या विद्येचे स्वरूप वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील (सहावे शतक) गंधयुक्तीच्या अध्यायावरून उत्तम कळते. तेथे सोळा द्रव्ये चार ओळींच्या चौकटीत मांडली आहेत. पहिल्या ओळीत अगरू 2 भाग, तमालपत्र 3, तुरुष्क (एक सुगंधी डिंक) 5 आणि शैलेय 8. दुसरीत प्रियंगू 5, मुस्ता 8, रस (बोळ) 2, केश (वाळा) 3. तिसरीत स्पृक्का 4, त्वक् 1, तगर 7, मांसी (जटामांसी) 6. चौथीत चंदन 7, नख 6, आणि श्रीक 4 व कुंदुरू 1 हे दोन डिंक. कोणतीही आडवी ओळ घ्या, उभी घ्या किंवा कर्णाने जा, बेरीज 18 च येते आणि त्या चार द्रव्यांचा एक गंध होतो. शैलेय, केश, मांसी व कुंदुरू या शेवटच्या उभ्या ओळीत 8, 3, 6 आणि 1 भाग असतात. म्हणजे जो माणूस ही चौकट पाठ करी, त्याला तराजूजवळ पोथी उघडावी लागत नसे. त्याच अध्यायात सोळांतून चार द्रव्ये निवडण्याचे 1,820 प्रकार मोजून दाखवले आहेत.

प्रमाण कळले तरी कृती उरतेच. ‘गंधसारा’त सहा संस्कार सांगितले आहेत: चूर्ण सुगंधी द्रवात भिजवून सुकवणे हे भावन, शिजवणे हे पाचन, तयार मिश्रणाचा वास दुसऱ्या द्रव्याने जागा करणे हा बोध, त्याहून तीव्र द्रव्याने तो भेदणे हा वेध, धुरी देणे हे धूपन आणि फुलांचा वास मुरवणे हे वासन. तिळांचे आणि मोगऱ्याचे थर एकावर एक रचून, फुले पुनःपुन्हा बदलून मग ते तीळ घाण्यात घालण्याची फुलेलाची (फुलांच्या वासाच्या तेलाची) रीत ही वासनाचीच जात होय. सोलापूरच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भावनाचे चूर्ण सावलीतच वाळवावे लागते आणि कापराचा योग पहाटेच्या गारव्यात उरकलेला बरा.

सर्वांत अवघड काम द्रव्ये ओळखण्याचे आहे. स्पृक्का म्हणजे नेमके काय, यावर एकमत नाही; प्रियंगू म्हणजे गव्हला की दुसरे काही, हाही वाद आहे. तरीही चौकटीतील काही द्रव्ये सोलापूरकरांच्या ओळखीचीच आहेत. शैलेय म्हणजे काळ्या मसाल्यातले दगडफूल, त्वक् म्हणजे दालचिनी, मुस्ता म्हणजे दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा आणि नख म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा नखला. हे वाण्याकडून पुडीत बांधून आणता येते. जिल्ह्यातच असलेल्या पंढरपुरातील बुक्का हाही या परंपरेचा जिवंत वारस आहे. वारकऱ्याच्या कपाळावरचे ते काळे सुगंधी चूर्ण विलेपनाचेच रूप होय, आणि ते करणाऱ्यांच्या हातचे ज्ञान पोथीइतकेच मोलाचे आहे.

काही द्रव्ये मात्र पोथीत आहेत म्हणून वापरता येत नाहीत. कस्तुरीमृगाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे, आणि देवमाशापासून मिळणाऱ्या अंबराचा व्यापारही भारतात बेकायदा आहे. कोष्ठ (एक सुगंधी मुळी), अगरू व जटामांसी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. शिवाय कोष्ठाचे तेल त्वचेला बाधते, त्यामुळे अंगाला लावायच्या योगात ते टाळले जाते. कस्तुरीच्या जागी कस्तुरभेंडीचे बी वापरण्याची सोय आहे, पण त्याचा वास अधिक सौम्य व किंचित तेलकट येतो. असा बदल केलेल्या योगाच्या बाटलीवर मूळ ग्रंथाच्या नावाशेजारीच बदललेल्या द्रव्याचे नावही छापले पाहिजे. ते न छापता ‘चालुक्यकालीन’ म्हणून विकलेले अत्तर या पुनरुज्जीवनात मोजता येत नाही.