हँडलमधला अडकलेला पीळ

उसाच्या हंगामात शेतातून निघालेल्या ट्रॉल्या डांबरी रस्त्यावर चिखलाचा थर सोडून जातात आणि त्यावर रोज कुणाची तरी मोटारसायकल आडवी होते. माणूस उठतो, पँट झटकतो, गाडी सुरू करतो. इंजिन ठीक, ब्रेक ठीक, पण रस्ता सरळ असताना हँडल मात्र डावीकडं बघत असतं. मग चहाच्या टपरीवर निदान होतं: चेसिस गेली. दुसरा म्हणतो, पुढचं चाक गुडघ्यात धर आणि हँडलला दे एक हिसका. तिसरा गंभीर चेहऱ्यानं सांगतो की ही गाडी तुला लाभत नाही, विकून टाक.

चेसिस बहुतेक वेळा शाबूत असते. हिसक्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. तिसऱ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा; बोल्टला अमावस्या कळत नाही.

आधी एक साधी परीक्षा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश चालवा. हँडल तिरकं धरूनही गाडी नाकासमोर जात असेल, तर चाक आणि हँडल यांचं आपसातलं नातं बिघडलंय, एवढंच. गाडीच एका बाजूला ओढत असेल, तर मागच्या चाकाची चेन ताणायची खूण दोन्हीकडं सारखी आहे का, टायर एका अंगानं झिजलाय का, हे बघा. आणि हँडलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा खाली किंवा मागे गेलं असेल, तर हँडलची नळीच वाकली आहे. ती बदलायची, विषय संपला.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि यंत्रशास्त्राच्या नजरेनं सगळ्यात मजेदारही तोच. पुढच्या दोन शॉकअपच्या नळ्या दोन आडव्या पकडींत बसलेल्या असतात: खाली दांड्यासकटची टी आणि वर प्लेट, जिच्यावर हँडल असतं. तळाशी एक्सल, म्हणजे चाकाचा आस, त्यांना जोडतो. म्हणजे ही एक शिडीच झाली, पण शिडीचे सांधे वेल्ड केलेले नसतात. नळ्या केवळ आवळून, घर्षणाच्या जोरावर धरलेल्या असतात.

गाडी डाव्या अंगावर पडते तेव्हा हँडलचं टोक जमिनीवर आपटतं. चाक आणि टी वळत वळत चेसिसवरच्या अडणीला टेकतात आणि थांबतात. हँडलवरचा रेटा मात्र थांबलेला नसतो. टोकावर १०० किलोचा भार आला आणि टोक मधल्या दांड्यापासून ३५ सेंटिमीटरवर असलं, तर पीळ होतो सुमारे ३५० न्यूटन-मीटर (हे पिळाच्या जोराचं एकक). आता पकडीची ताकद बघा. ८ मिलिमीटरचा एक बोल्ट २२ न्यूटन-मीटरनं आवळला की तो जवळपास १४०० किलो वजनाइतका ताण धरतो. त्यातून ३१ मिलिमीटरच्या नळीवर निर्माण होणारं घर्षण, गुणांक ०.१५ धरला तर, नळीला तिच्या अक्षाभोवती फिरण्यापासून ६० न्यूटन-मीटरच्या आसपासच रोखतं. हिशोब ढोबळ आहे, पण कोण जिंकणार ते दिसतंय. पकड सरकते.

किती सरकते? वरची प्लेट टीच्या मानानं फक्त १ अंश फिरली असं धरू. नळ्यांमधलं अंतर १८० मिलिमीटर असेल, तर एक नळी वरच्या बाजूला दीड मिलिमीटर पुढे जाते आणि दुसरी तितकीच मागे. प्लेट ते टी २०० मिलिमीटर, टी ते एक्सल ५००. नळी टीपाशी तरफेसारखी कलते, म्हणून तळाशी तीच चूक अडीचपट होऊन उलट दिशेला दिसते: चाक अडीच अंश वळतं. दोन्ही मिळून साडेतीन अंश, म्हणजे हँडलच्या टोकाला सुमारे २ सेंटिमीटर. डोळ्याला खुपायला एवढं पुरे. (एक्सल आणि मडगार्डची पट्टी विरोध करतात, त्यामुळं प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येतो. उरलेला भाग नळ्यांत धनुष्यासारखा ताण होऊन राहतो.)

हा ताणच खरा नायक. धातू अजून लवचिकतेच्या मर्यादेत असतो, म्हणजे नळ्यांना परत सरळ व्हायचंच असतं. सरकून पुन्हा घट्ट बसलेलं घर्षण त्यांना जाऊ देत नाही. आमोंतों या फ्रेंच संशोधकानं १६९९ मध्ये मांडलेला नियम सांगतो की घर्षण दाबावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. मग उपाय सरळ आहे: दाब काढा. बोल्ट ढिले केले की बऱ्याचदा हात न लावताच ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि हँडल जागेवर येतं. गुडघ्यात धरून हिसका दिल्यानं हँडल सरळ दिसतं खरं, पण आत आणखी एक पीळ उलट बाजूनं अडकवला जातो. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो सुटतो.

तर गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, पुढचं चाक जेमतेम अधांतरी राहू द्या. वरच्या प्लेटच्या वर नळी किती डोकावते ते मोजा आणि मार्करनं खूण करा, कारण ढिल्या पकडीत नळी वरखाली सरकते आणि मग दोन्ही बाजू असमान बसतात. आता एक्सलचा नट, एक्सलला चिमटीचा बोल्ट असेल तर तोही, मडगार्डचे चारही बोल्ट, टीचे दोन, प्लेटचे दोन आणि मधला मोठा नट असं सगळं एक-दीड आटे ढिलं करा. पूर्ण काढू नका. काही गाड्यांत वरच्या प्लेटला चिमटीचा बोल्ट नसतो, नळीच्या डोक्यावरचा टोपीचा बोल्टच प्लेट दाबतो. तो अर्ध्या आट्यापेक्षा जास्त सोडू नका, खाली दाबलेली स्प्रिंग असते. मोठ्या नटाखालच्या खाचांच्या रिंगला हात लावायचा नाही, ती बॉल रेसरची, म्हणजे हँडल ज्या छऱ्यांवर वळतं त्यांची आहे. मडगार्डचे बोल्ट विसरले जातात आणि मग ‘सगळं ढिलं केलं तरी सरळ होईना’ अशी तक्रार येते.

चाक सरळ धरून हँडल हलक्या हातानं जुळवा. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, मोजलेल्या खुणा परत तपासा. मग आवळताना खालून वर: टीचे बोल्ट आलटून पालटून, मधला नट, वरची प्लेट. पुन्हा शॉकअप दाबा आणि त्यानंतरच मडगार्ड आणि शेवटी एक्सल. एक्सल आधी आवळला तर नळ्या आपली जागा शोधू शकत नाहीत आणि शॉकअप अडकल्यासारखा चालतो. टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर १५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १५ किलोचा जोर म्हणजे २२ न्यूटन-मीटर. अचूक आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. पकडीच्या आत ग्रीस लावायचं नाही. जे घर्षण नळी धरतं त्यालाच तेल पाजायचं, हा कुठला न्याय?

पीळ गेला का, हे बघायला डोळ्यापेक्षा काच बरी. काचवाल्याकडून ५ मिलिमीटर जाडीचा हातभर तुकडा घ्या आणि टीखालच्या उघड्या, चकचकीत नळ्यांवर समोरून टेकवा. चारही कोपरे टेकले तर नळ्या एका पातळीत आहेत. काच डुगडुगली, चार पायांचं टेबल डुगडुगतं तशी, तर पीळ शिल्लक आहे.

दोनदा करूनही डुगडुगत असेल तर नळी किंवा टी खरोखर वाकली आहे. नळी काढून त्याच काचेवर लाटण्यासारखी फिरवली की कळतं. थोडा बाक असेल तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपात प्रेसवर व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात) ठेवून, डायल गेजनं (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापानं) बघत सरळ करून मिळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव प्लेटला मात्र हातोडा आणि वेल्डिंग दोन्ही वर्ज्य: ती वाकत नाही, तडकते, आणि तडा बोल्टच्या खाचेच्या आतल्या बाजूनं सुरू होत असल्यामुळं रंगाखाली दिसत नाही. रॉकेल लावून मुरू द्या, कोरडं पुसा, मग खडूची पूड लावून दहा मिनिटं थांबा. तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते.