अचानक हल्ला झाला तर: फिर्याद, वूंड सर्टिफिकेट आणि भरपाईचा अर्ज

सही करण्याआधी फिर्याद वाचून घ्या, हे आधी सांगतो, कारण आपल्याकडं घोटाळा इथंच होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आपण जबाब मराठीत सांगतो आणि तो उतरतो कन्नडमध्ये. आमच्या गल्लीतल्या एका पोरावर कोयत्याचा वार झाला होता. कागदावर आलं ‘कैयिंद होडिबडी’, म्हणजे हातानं मारहाण. त्याच्या मामाला कन्नड येत होतं म्हणून ही चूक सापडली. हातानं केलेली साधी दुखापत अदखलपात्र, तिचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही; घातक हत्यारानं केलेली दखलपात्र. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आता क्रमानं. आधी ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन. गाव, तालुका आणि जवळची खूण पहिल्याच वाक्यात सांगा. मग दवाखाना. मारहाणीची जखम आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी (पोलीस प्रकरण असलेली जखम) अशी नोंद होते. पुढं वूंड सर्टिफिकेट, म्हणजे डॉक्टरांचा जखमेचा दाखला, त्यावरूनच मिळतं. ‘पडलो’ म्हणालात तर तेच लिहिलं जाईल आणि विरोधी वकील तेच वाचेल. रक्ताळलेला शर्ट धुऊ नका. त्या पोराच्या आईनं तो त्याच रात्री सर्फमध्ये भिजत घातला होता.

फिर्याद जखमी माणसानंच द्यावी असं नाही; नातेवाईक किंवा पाहणारा कुणीही देऊ शकतो. आधार कार्ड नाही म्हणून ती अडत नाही. हद्दीचंही तसंच: चंदगडहून येताना महाराष्ट्राच्या बाजूला हल्ला झाला तरी बेळगावच्या ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, होते आणि तिकडं पाठवली जाते. ऑनलाइन कळवलं असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यानं नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस आयुक्तालयाला, रजिस्टर पोस्टानं लेखी कळवा. तरीही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज.

तुम्हीही हात उचलला असेल तर लपवू नका. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवाच्या बचावाचा हक्क देतात, फक्त गरजेपुरता. जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची किंवा ॲसिडची रास्त भीती असेल तर तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. पळणाऱ्याला गाठून मारलं तर मात्र तो बचाव राहत नाही. समोरच्यानं क्रॉस केस, म्हणजे तुमच्यावरच उलटी फिर्याद, टाकली की पहिल्या जबाबात काय होतं, हेच बघितलं जातं.

भरपाईबद्दल आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली नुकसान किंवा इजा झालेला माणूस, तो दगावला असल्यास त्याच्यावर अवलंबून असलेले, पात्र ठरतात. हल्लेखोर सापडलाच नाही तरी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. सोबत एफआयआरची प्रत, वूंड सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, ओळखपत्र आणि बँक पासबुक ठेवा. मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा. चौकशी २ महिन्यांत संपवायची असते. तोवर उपचार अडले असतील तर ठाण्याच्या प्रमुखाच्या दाखल्यावर मोफत उपचाराचा आदेश प्राधिकरण देऊ शकतं, तो आधी मागा. अर्ज लिहायला अडचण असेल तर १५१०० या नंबरवर मोफत कायदा मदत मिळते. बिलांच्या झेरॉक्स काढून ठेवा, औषधाच्या दुकानातल्या पावतीची शाई चार-सहा महिन्यांत उडते.