बल्बाच्या वाटेनं घोटभर करंट

नागपुरातल्या महाल भागात मावशीच्या जुन्या घरात जिन्याच्या दिव्याला स्मार्ट स्विच बसवायचा होता. वायरमननं बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि म्हणाला, "भाऊ, इथं न्यूट्रलच नाही ना जी. हे हवेवर चालन काय?"

प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. साधा खटका स्वतः वीज खात नाही. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, त्याच्यात येते, वर होल्डरकडे जाते आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, परस्पर होल्डरला मिळते. मग खाली बोर्डापर्यंत न्यूट्रल ओढून तार कशाला वाया घालवायची? जुन्या कारागिरांचा हिशेब चोख होता. स्मार्ट स्विच मात्र दिवा बंद असतानाही जागाच असतो. फोनवरून कधी हुकूम येईल म्हणून त्याचा वाय-फाय कान देऊन बसलेला. त्याला साधारण अर्धा वॅट लागतो, आणि करंटला यायची वाट असून भागत नाही, परतायचीही लागते.

तरी आधी आपला बोर्ड नीट बघा. आपल्याकडे बटणांच्या शेजारी बहुधा फाइव्ह-पिन सॉकेट असतं, आणि न्यूट्रलशिवाय सॉकेट चालत नाही. म्हणजे अशा बोर्डात न्यूट्रल बहुतेक सापडतेच. अडतं ते जिन्याच्या टू-वे खटक्यापाशी, बाथरूमबाहेरच्या एकट्या बटणापाशी किंवा लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये.

अशा जागांसाठी 'विना-न्यूट्रल' स्विच मिळतात. त्यांची युक्ती मला फार आवडते: परतीची वाट म्हणून ते बल्बच वापरतात. दिवा 'बंद' असताना त्याच्यातून दोनेक मिलिअँपिअर करंट हळूच जाऊ द्यायचा आणि त्यावर आपलं पोट भरायचं. टेस्टरचा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या नगण्य करंटवर पेटतो, त्याचाच हा भाऊबंद. जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बाला याचा पत्ताही लागत नसे. पेटायला त्याला 260 मिलिअँपिअर लागायचे, आणि थंड तारेचा रोध शंभर ओहमच्याही आत, म्हणजे दोन मिलिअँपिअरसाठी ती जवळपास सरळ तारच.

घोळ केला एलईडीनं. त्याच्या आत आधी एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. झिरपणारा करंट तिथे साठत जातो, पुरेसा साठला की दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, जागा होतो, दिवा लुकलुकतो, साठा संपतो, पुन्हा अंधार. ठिबकत्या नळाखालचा तांब्या भरावा, कुणी तो ओतून द्यावा आणि परत तिथेच ठेवावा, तसं रात्रभर. मावशीला पहिल्या रात्री वाटलं, जिन्यात कुणी टॉर्च मारतंय.

यावर उपाय म्हणजे वर होल्डरपाशी बल्बाला समांतर जोडायचा छोटा बायपास. त्याच्यात बहुधा एक कपॅसिटरच असतो. झिरपणारा करंट त्याच्यातून निघून जातो आणि बल्ब शांत झोपतो.

दिवा चालू असतानाची अडचण उलटी. खटक्याचा जोड पूर्ण जुळला की त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजच उरत नाही, मग स्विचनं खायचं काय? आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 अर्धलहरी. असे बरेच स्विच प्रत्येक अर्धलहरीतला इवलासा तुकडा स्वतःसाठी राखतात आणि बाकीची बल्बाला देतात. बल्ब फारच कमी वॅटचा असला तर यात दोघंही उपाशी राहतात. म्हणून खोक्यावर किमान वॅट लिहिलेले असतात, ते वाचा. वाय-फायपेक्षा झिग्बी नावाचा दुसरा बिनतारी रेडिओ पुष्कळ कमी खातो, त्यामुळे या जातीत झिग्बीवाले जास्त दिसतात. त्यांना फोनशी जोडून देणारा वेगळा डबा, म्हणजे हब, लागतो, तो खर्च धरून चाला.

एक गोष्ट मात्र कुणी सुचवली तरी करू नका: न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची तार जोडणं. स्विच मजेत चालेल. गळती दिसताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही एवढ्याशा करंटला पडणार नाही, आणि खरा धोका तोच आहे. पुढे कुठे अर्थिंग तुटलं, तर तो करंट त्याच तारेला बांधलेल्या लोखंडी कूलरच्या अंगावर येऊन बसेल. मे महिन्यात ओल्या हातानं त्या कूलरमध्ये पाणी भरणारं कुणीतरी घरात असतंच.

मावशीकडे शेवटी बायपासही लावला नाही. वायरमननंच शिडी मागवली. न्यूट्रल वर होल्डरपाशी होतीच, मग स्विचनं खाली का बसायचं? त्यानं मेन बंद करून बटणांचा संदेश ऐकून दिवा लावणारा रिसीव्हर छताशी बसवला आणि खाली जिन्याच्या दोन्ही टोकांना बिनतारी बटणं चिकटवली. बटण दाबण्याच्या जोरावर आतलं चुंबक हलतं आणि गुंडाळीत निर्माण होणाऱ्या विजेवर संदेश जातो. त्यांना ना न्यूट्रल लागते, ना फेज, ना सेल. फक्त दाबताना 'टक्' असा आवाज जरा मोठा येतो.